गटाची मेल आणि दोन याद्या



आधी मागच्या दिवाळीची गोष्ट सांगते, आणि चूक माझीच होती हेही सांगून टाकते. तालुक्याच्या गावी प्रदर्शन भरणार होतं. आमच्या गटाने स्टॉलसाठी अर्ज केला होता. ६० किलो भाजणी भाजून, दळून तयार होती. नवरात्र संपलं तरी उत्तर नाही, म्हणून मी फोन लावला. तिकडून आवाज आला, "ताई, मेल केली होती की! तुमचा होकार आला नाही, स्टॉल दुसऱ्या गटाला दिला."

घरी येऊन शोधलं. ते पत्र स्पॅमच्या कप्प्यात १९ दिवस पडून होतं. श्रावणात त्याच पत्त्यावरून रोज तीन-चार सूचना यायच्या. एका संध्याकाळी वैतागून मी 'ब्लॉक' दाबलं आणि विसरले. बैठकीत हे सांगताना मान वर होईना. भाजणी आठवडी बाजारात कमी भावाने विकली.

ब्लॉक केलं म्हणजे पत्र परत जातं, असं मला वाटायचं. तसं नाही. जीमेलमध्ये ते गुपचूप स्पॅममध्ये जाऊन पडतं, फोन वाजत नाही आणि पाठवणाऱ्याला कळतही नाही. ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं. नेहमीसारखं नाव टाकून शोधलं तरी सापडत नाही, कारण साधा शोध स्पॅममध्ये बघत नाही. तो कप्पा स्वतः उघडावा लागतो.

आणि आपण ब्लॉक केलं नाही तरी मेलची स्वतःची चाळण असते. चाळणीत कोंड्याबरोबर कधी दाणाही जातो. असं कामाचं पत्र स्पॅममध्ये दिसलं, तर ते उघडून 'स्पॅम नाही' हे बटण दाबा आणि तो पत्ता संपर्कांत जतन करा. याने बराच फरक पडतो. पक्की सोय हवी तर फिल्टर करायचा. त्यात पत्ता लिहून 'कधीही स्पॅममध्ये पाठवू नका' असं निवडायचं. हे मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये होत नाही, संगणकावर करावं लागतं. सेवा केंद्रात जाऊन करत असाल तर पासवर्ड आपल्याच हाताने टाका आणि उठताना लॉगआउट करा. केंद्रातला मुलगा कितीही ओळखीचा असो.

ही येऊ द्यायची यादी लहान ठेवा. बँक, पंचायत समिती, आपले ठरलेले खरेदीदार, एवढेच. '@' च्या पुढचा भाग टाकून अख्ख्या संस्थेला वाट देता येते, पण '@gmail.com' ला कधीच देऊ नका. तसा पत्ता कुणीही पाच मिनिटांत काढतो, म्हणजे चाळणच फाडून टाकल्यासारखं. आणि नावावर जाऊ नका. नाव बँकेचं लिहिता येतं, म्हणून नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता बघा. सरकारी पत्ता बहुधा gov.in किंवा nic.in वर संपतो. 'संपतो' म्हणतेय मी. मध्येच gov.in आणि पुढे आणखी काही शेपूट असेल तर तो सरकारी नव्हे.

आता नको असलेल्यांची यादी. खरं सांगू? ठगांपुढे तिचा फारसा उपयोग नाही. आज एक पत्ता अडवला की उद्या ते दुसऱ्या पत्त्यावरून येतात. तिथे 'स्पॅम म्हणून कळवा' हेच बरं, म्हणजे चाळण शिकते. त्यातल्या लिंकवर बोट लावायचं नाही. पैसे गेलेच तर लाज धरून बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. ओळखीच्या दुकानाच्या जाहिराती नको असतील तर पत्रातलं 'सदस्यत्व रद्द करा' पुरतं. ब्लॉक ठेवा खरोखर छळणाऱ्या माणसासाठी. चुकून कुणाला केलंच, तर त्याचं पत्र उघडून तीन टिंबांमध्ये 'अनब्लॉक' मिळतं.

आम्ही आता दर सोमवारी हप्ते गोळा झाले की सचिवबाईंच्या फोनवर स्पॅम उघडतो आणि मोठ्याने वाचतो. गटातल्या थोरल्या काकूंना लॉटरीची पत्रं फार आवडतात. "आज किती कोटी लागले गं?" म्हणून विचारतात. मागच्या महिन्यात त्याच ढिगात बँकेची पत्राची मागणी सापडली. कर्जाच्या कागदांसाठी चार दिवस उरले होते, कागद वेळेत गेले.

यंदा प्रदर्शनासाठी पुन्हा अर्ज केलाय. त्यांचा पत्ता फिल्टरमध्ये घातला आहे. उत्तर यायचंय, त्यामुळे भाजणी अजून दळलेली नाही.