छप्पर मिळेल, उस्तादाचे काय?



उपनगरांतील नागरिकांच्या बैठकीत पाणी आणि रस्ते यांच्या पाठोपाठ आता आणखी एक मागणी पुढे येऊ लागली आहे. मुलांना खेळण्यासाठी बंदिस्त क्रीडादालन हवे. श्रीमंती हौस म्हणून या मागणीला नाक मुरडण्याचे कारण नाही. कोकणपट्टीत पाऊस चार महिने मैदान बुडवून ठेवतो आणि उरलेल्या काळात मंडप, प्रदर्शने व वाहने त्याचा ताबा घेतात. शिवाय खेळच छपराखाली सरकले आहेत. कबड्डी मातीवरून मॅटवर गेली, पाठोपाठ खो-खो गेला. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक दिल्लीच्या इंदिरा गांधी बंदिस्त स्टेडियममध्ये झाला. पुरुष आणि महिला ही दोन्ही अजिंक्यपदे भारताने मिळविली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. हा आनंद साजरा करतानाच, मातीत घडलेल्या एखाद्या गुणी मुलीला मॅटचे पहिले दर्शन स्पर्धेच्या दिवशीच घडावे, हे मनाला पटत नाही.

तेव्हा दालन हवेच. मतभेद त्यापुढे सुरू होतो.

छपराखालचा व्यायाम महाराष्ट्राला नवा नाही. तालीम ही बंदिस्तच असे. तेल, ताक आणि हळद घालून मळलेला लाल मातीचा हौदा, समोर मारुती, कोपऱ्यात जोडी, करेला आणि या सर्वांवर नजर ठेवणारा उस्ताद. पोर दोन दिवस दिसले नाही, तर उस्ताद त्याच्या घरी निरोप धाडी. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. तो शिष्यपरंपरेने टिकला, इमारतींच्या बळावर नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. मुंबईत शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा तेथेच शिवाजी पार्कवर भरली आणि या संस्थेत पिढ्या घडविणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन्ही संस्थांची खरी पुंजी म्हणजे रोज ठरल्या वेळी हजर राहणारी माणसे.

जुन्या तालमींचे गोडवे गाताना एक उणीव मात्र झाकता येणार नाही. त्यांचे दार स्त्रियांसाठी बहुधा बंदच असे. लक्ष्मीबाई केळकर यांनी १९३६ मध्ये वर्ध्याला राष्ट्र सेविका समिती स्थापन केली, तेव्हा मुलींच्या शारीरिक शिक्षणाचा आग्रह धरावा लागला, तो यामुळेच. आज दोरीच्या मल्लखांबावर मुली जे कौशल्य दाखवितात, ते पाहिल्यावर आधी किती काळ वाया गेला याची हळहळ वाटते.

आता खर्चाचे बोलू. बांधकामासाठी निधी एकदा लागतो. दिवे, झाडलोट आणि पहारा यांसाठी रोज. हा रोजचा भार नको म्हणून दालन ठेकेदाराकडे सोपविण्याचा सोपा मार्ग निवडला जातो. मग तासाचे भाडे ठरते. सायंकाळची वेळ ज्याला परवडते त्याच्या नावे महिनाभर आधीच लागते आणि ज्या वस्तीच्या नावाने मागणी झाली, त्या वस्तीतील धुणीभांडी करणाऱ्या माउलीचा मुलगा जाळीच्या दाराबाहेर उभा राहून फुलाची ये-जा पाहतो. सोसायटीतले आणि चाळीतले पोर एका हुतुतूत घाम गाळीत, ते मैदान गेले. त्याच्या जागी आलेल्या छपराने त्यांना एकमेकांपासून वेगळे करावे, यासारखा समाजाचा तोटा नाही.

जागेची सबबही फार टिकत नाही. बॅडमिंटनचे कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटरचे, कबड्डीचे पुरुषांचे क्रीडांगण १३ बाय १० मीटरचे. दोन कोर्टे शेजारीशेजारी बसतील, त्या दालनात मॅट अंथरून कबड्डी बसते. एका कडेला उंची पाहून दोरी टांगता येते. सकाळी ज्येष्ठांची योगासने, दुपारी गृहिणींचा वर्ग, सायंकाळी मुले, रात्री कामावरून परतलेले तरुण. वेळापत्रक एका बैठकीत तयार होईल.

म्हणून महापालिकेकडे निवेदन घेऊन जाणाऱ्या मंडळींनी सोबत दुसरा कागदही न्यावा. सायंकाळी सहा ते आठ ही वेळ परिसरातील मुलांना विनाशुल्क राखून ठेवण्याची अट त्यात असावी आणि त्याखाली, शिकविण्यासाठी रोज येण्याची तयारी असलेल्या चार-सहा जणांची नावे सह्यांनिशी असावीत. सही करणाऱ्यांत निवृत्त क्रीडाशिक्षक असतील, जुने खेळाडू असतील, एखादी बँकेत नोकरी करणारी भगिनी असेल. हा कागद भरायला दालन बांधून होण्याची वाट पाहावी लागत नाही. शाळेचे सभागृह सुट्टीत रिकामेच असते.