साठ दिवस मोजायचे कसे?

मैत्रिणींनो, २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम १२ नुसार पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न न्यायालयाने करायचा असतो. ते दिवस मोजायचे आपणच. म्हणून साऱ्या केंद्रांच्या नोंदी एक्सेलमध्ये एकत्र करताना मी आधी तारखा तपासते. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल, तर आपली ०३/०४/२०२४, म्हणजे ३ एप्रिल, तो ४ मार्च धरतो. २५/०४/२०२४ ला तर तारीखच मानत नाही. नुसता मजकूर म्हणून डावीकडे ठेवतो. यावर उपाय साधा आहे: दिवस, महिना, वर्ष वेगळ्या रकान्यांत लिहा, ‘डेट’ सूत्राने वर्ष, महिना, दिवस या क्रमाने जोडा, मग वजाबाकी करा. ६० च्या पुढचा प्रत्येक आकडा म्हणजे ताटकळणारी एक बाई आहे. तो आकडा बिनचूक हवा, तरच जाब विचारता येईल.