गहाण घराचे साठ दिवस

मुंबईंत मध्यम स्थितीच्या गृहस्थाचें घर बहुधा कर्जावरच उभें असतें. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला, कीं बँक खातें अनुत्पादक ठरविते आणि २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये ६० दिवसांची नोटीस घरीं येते. पुष्कळ गृहस्थ ती लाजेखातर बायकोपासूनहि लपवितात. घर जातें तें येथेंच! याच मुदतींत लेखी हरकत घ्यावी, हप्त्यांची फेररचना मागावी. हरकत अमान्य केल्यास बँकेला १५ दिवसांत कारणें कळवावीं लागतात. पुढें ताब्याची कारवाई झालीच, तर ४५ दिवसांच्या आंत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते. सारें देणें खर्चासह चुकतें करून घर सोडवितांहि येतें. मात्र २०१६ च्या दुरुस्तीमुळें लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होतांच ती वाट बंद होते.