थांबवलेल्या पवनचक्क्या



आज मी चीनच्या ईशान्य भागाबद्दल बोलणार आहे. लिआओनिंग, जिलिन आणि हेइलोंगजियांग हे तिथले तीन प्रांत. एके काळी चीनचं बरंचसं पोलाद, कोळसा आणि अवजड यंत्रं इथूनच येत. १९९०च्या दशकात सरकारी कारखाने डबघाईला आले आणि लाखो कामगार घरी बसले.

पुढे तिथल्या माळरानांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पण २०१५ साली जिलिनमध्ये वाऱ्यापासून मिळू शकणारी जवळपास एक तृतीयांश वीज घेतलीच गेली नाही. वारा असूनही चक्क्या थांबवाव्या लागल्या.

असं का झालं? पवनचक्क्या जास्त झाल्या, उद्योग मंदावल्याने मागणी वाढेना, हे खरं. पण मोठी अडचण थंडीची होती. तिथल्या शहरांतली घरं बऱ्याच अंशी कोळशाच्या वीजकेंद्रांतून पाइपाने येणाऱ्या उष्णतेवर तापतात. उष्णता हवी तर केंद्र चालू ठेवावं लागतं, आणि केंद्र चालू म्हणजे वीजही तयार होणारच. हिवाळ्याच्या रात्री वारा जोरात आणि मागणी कमी. केंद्र बंद केलं तर लोक गारठतील. म्हणून वाऱ्यावर पाणी सोडलं जाई.

वीज कमी करण्यात केंद्रांचा तोटाच होता. २०१४पासून तिथे नवा बाजार सुरू झाला. जे केंद्र ठरलेल्या पातळीखाली वीज उतरवेल, त्याला मोबदला. तो भरायचा न उतरवणाऱ्या केंद्रांनी आणि पवनऊर्जा कंपन्यांनी. मग केंद्रांनी गरम पाण्याच्या मोठ्या टाक्या आणि विजेवरचे बॉयलर बसवले. उष्णता साठवता आली, म्हणून रात्री वीज कमी करता आली. २०१७च्या अखेरीस शांडोंगकडे वीज नेणारी मोठी वाहिनीही सुरू झाली. २०१८मध्ये जिलिनमधलं वाया जाणं ७ टक्क्यांच्या आसपास आलं.

यामुळे गेलेल्या नोकऱ्या परत आल्या नाहीत, हेही सांगायला हवं. पण एक गोष्ट कळते: वीज वाया जाते ती नियमांमुळेही, आणि नियम बदलता येतात.

आपल्याकडे २०२३च्या केंद्रीय नियमांनुसार सूर्यप्रकाशाच्या तासांत विजेचा दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी हवा, शेती वगळून. भिवंडी-मालेगावात यंत्रमाग चालवणाऱ्या, वर्कशॉप असणाऱ्या घरांतल्या तरुणांनो, आज घरी जाऊन वीजबिल काढा. कोणत्या तासाला कोणता दर लागतो ते बघा, आणि तो लागत नसेल तर लेखी विचारा.