दहा जण आणि एक वही



खानापूर, निपाणी, बेळगावहून आपण हुबळी-धारवाडला शिकायला, कामाला आलोय. कुणी आजारी पडलं, खोलीचं डिपॉझिट भरायचं झालं की काय करतो? ग्रुपवर मेसेज टाकतो. दोघं-चौघं पैसे पाठवतात, बाकीचे हात जोडल्याचं चित्र. पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात.

इथून साठेक किलोमीटरवर गदग, आणि गदगजवळ कणगिनहाळ नावाचं खेडं. तेव्हा ते धारवाड जिल्ह्यात, मुंबई इलाख्यात होतं. 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि 1905 मध्ये सिद्दनगौडा पाटील यांनी या गावात शेतकऱ्यांची पतसंस्था उभी केली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या संस्थांमध्ये तिचं नाव घेतात.

त्या कायद्यातल्या दोन गोष्टी बघा. संस्था काढायला 10 माणसं पुरायची. आणि खेड्यातल्या संस्थेत जबाबदारी अमर्याद, म्हणजे संस्था बुडाली तर देणं सगळ्या सभासदांवर. त्यामुळं कर्ज कुणाला, कशासाठी देतोय, यावर गावाचंच लक्ष राहायचं.

एकमेकांच्या आधाराची ही रीत कायद्याहून जुनी आहे. आपले शेतकरी इर्जिक घालतात, सावड करतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. कन्नड शेतकरी त्याला मुय्यी म्हणतो. यात घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही, कारण उद्या तोच देणारा असतो. वर्गणी आणि यात फरक आहे तो हाच.

मग आपण काय करायचं? 10 जण जमा. महिन्याला 200 रुपये काढा, वर्षाला 24,000 होतात. भिशीसारखी पाळी लावू नका. ज्याला अडचण, त्याला बिनव्याजी द्या. परतीची तारीख आधीच ठरवा. वही एकाकडं, पैसे दुसऱ्याकडं, आणि दर महिन्याला हिशेब सगळ्यांसमोर वाचा. एखाद्या महिन्यात कुणाला जमलं नाही तर त्यानं तसं सांगावं, बाकीच्यांनी समजून घ्यावं.

या 10 जणांत शेजारचा कन्नड मित्रही असू दे. रात्री दोन वाजता दवाखान्यातला कन्नड फॉर्म भरायला तोच धावून येईल, आणि त्याच्या घरच्या अडचणीला आपण जायचं.

आता उठायच्या आधी शेजारी बसलेल्याचा नंबर घ्या. रक्तगट पण विचारा, आणि दोन्ही वहीत लिहा.