विरी गेलेलें पीठ

ज्वारीची भाकरी मोडली तर दोष हाताचा कीं पिठाचा, हा वाद जालना जिल्ह्यांतल्या घराघरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे, आणि त्याचा निकाल बहुधा सुनेच्या विरुद्ध लागतो. ग्रंथांना तो सोडवितां येण्यासारखा नाहीं. मराठींत पाकशास्त्राचे ग्रंथ थोडे नाहींत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ सालीं निघालें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणी-मित्र' १९१० सालचें. आणि कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नें १९७० पासून वाटी व चमचा हीं मापें घरोघर पोंचविलीं. परंतु भाकरीचें पाणी कोणत्या वाटीनें मोजावें? पीठ आजचें कीं पंधरा दिवसांचें, ज्वारी शाळूची कीं खरिपाची, दिवस उन्हाळ्याचे कीं थंडीचे, इतक्या गोष्टींवर तें पाणी अवलंबून असतें.

पिठाच्या अंगच्या चिकटपणाला विरी असें म्हणतात. गव्हाच्या पिठांत ग्लुटेन तयार होतें, म्हणून कणीक ताणली तरी तुटत नाहीं. ज्वारींत तें नसतें. तिची सारी भिस्त पिष्टावर. पीठ जुनें झालें कीं विरी जाते आणि थापतां थापतां भाकरीच्या कडेला भेगा पडूं लागतात. जाणती बाई अशा वेळीं पिठांत आधणाचें पाणी ओतते. उकळत्या पाण्यानें कांहीं पिष्ट फुगून चिकट होतें, आणि ही उसनी विरी तेवढ्यापुरतें काम भागविते. पुढचें सारें हाताचें. उंडा तळहाताच्या टाचेनें रगडून मळावा लागतो. भाकरी तव्यावर पडतांच वरून पाण्याचा हात फिरवावा लागतो. आणि तें पाणी पुरतें सुकण्याच्या आंत ती उलटावी लागते. येथें क्षणाचा विलंब झाला तर भाकरी तडकते, आणि मग ती फुगण्याचें नांव घेत नाहीं.

ही विद्या एकदां सबंध मुलुखाची परीक्षा घेऊन गेली. १९७२ च्या दुष्काळांत जालना हा औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता. निराळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं. पेंवें रिकामीं पडलीं. रेशनच्या दुकानांतून परदेशांतून आलेली तांबडी ज्वारी मिळूं लागली. तिला लोक मिलो म्हणत. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडावी, तेथें मिळालेली सुकडी मुलांसाठीं पदरांत बांधून आणावी, आणि रात्रीं चुलीपाशीं बसून त्या अनोळखी पिठाशीं झगडावें, असा त्या बायकांचा क्रम होता. जन्मभर डोळे मिटून भाकरी थापलेल्या हातांना नवशिक्याप्रमाणें अदमास घ्यावा लागला. ती लाल भाकरी घशाखालीं उतरत नसे, असें त्या पिढीचीं माणसें अजूनहि सांगतात. परंतु ती उतरविली, म्हणूनच सांगावयास राहिलीं.

अशी एक वृद्धा जालना शहरांतल्या एका घरीं आहे. भाकऱ्या झाल्यावर परातीला लागलेलें पीठ ती धुऊन घेते आणि तें पाणी आमटींत ओतते. शिळ्या भाकरीचे कुटके ती कांदा-मिरचीच्या फोडणींत परतते, आणि खरें सांगावयाचें तर ताज्या भाकरीहून घरांतल्या मुलांना तेच अधिक आवडतात. तिची सून शिकलेली, नोकरी करणारी. स्वयंपाक ती सवड मिळेल तसा करते, पण प्रयोगाची हौस दांडगी. जालन्याच्या मोसंबीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्या सुमारास घरीं मोसंबीची एक गोणी आली, आणि वर्षभराचें सरबत करून ठेवावें असें सुनेनें मनांत घेतलें. तिनें बियांसकट फोडी मिक्सरमधून काढल्या, रस गाळला, दोन किलो साखर घातली आणि पातेलें तासभर उकळलें. रंग सुरेख आला. चव मात्र काडेचिराइताची!

साखर कमी पडली असेल म्हणून आणखी घातली. कडूपणा हलला नाहीं. त्याचें कारण साखरेंत नव्हतेंच. अखंड मोसंबींत कडू न लागणारें एक द्रव्य असतें. फळ चिरडलें कीं रसांतल्या आम्लामुळें त्याचें हळूहळू लिमोनिन बनतें, आणि लिमोनिन अतिशय कडू. आंचेनें ही क्रिया वेगानें होते. बियांत व पांढऱ्या पापुद्र्यांत हा ऐवज विशेष असल्यामुळें त्या चिरडल्या कीं भरच पडते. म्हणून मोसंबीचा रस काढावा तो पिण्यापुरता, आणि तेव्हांच प्यावा.

सून पातेलें मोरींत ओतावयास निघाली. सासूबाई म्हणाल्या, "राहूं दे गं, काढा समजून घेईन मी." आणि खरोखरच रोज सकाळीं पेलाभर पाण्यांत चार चमचे घालून त्यांनीं तें सारें संपविलें. सुनेला त्याचा फार राग आला. पातेलें ओतून दिलें असतें तर ती चूक दुसऱ्या दिवशीं विसरली गेली असती. येथें ती महिनाभर पेल्यांतून समोर येत राहिली.

डाळीच्या बाबतींत मात्र दोघी सारख्याच हरल्या होत्या. जवळच बदनापूरला तुरीच्या नव्या जाती काढणारें कृषि संशोधन केंद्र आहे, आणि जिल्ह्यांत तुरीला तोटा नाहीं. पण उन्हाळ्यांत विंधणविहिरीच्या पाण्यांत तीच डाळ कितीहि शिजविली तरी कण राहतो. अशा जड पाण्यांतला चुना डाळीच्या पेशींतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतो. चिंच किंवा आमसूल आधीं घातलें तर डाळ अधिकच अडून बसते. खाण्याचा सोडा टाकला कीं ती मऊ होते, हें खरें. परंतु त्यानें ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो, आणि वरणाला साबणासारखा वास येतो तो निराळाच. पाणी आधीं उकळून, निवूं देऊन, वरची निवळी घेतली तर थोडा उतार पडतो. सर्वांत बरें पावसाचें पाणी. सासूबाईंच्या लहानपणीं पन्हळीखालीं घंगाळें लावीत, तें वरणासाठींच असे, असें त्यांनीं एकदां बोलतां बोलतां सांगितलें. मृगाच्या आधींच सुनेनें गच्चीच्या नळाखालीं झांकणाचीं दोन पिंपें आणून ठेविलीं.