विद्यापीठातील किरणोत्सर्गी वस्तू आणि आपण
(कोल्हापूर येथे शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



भुईमुगाची टीएजी-२४ ही उपटी जात आपल्यापैकी अनेकांनी उन्हाळी हंगामात घेतली असेल. नावातला 'टी' ट्रॉम्बेचा, 'ए' अकोल्याचा. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी मिळून १९९१ मध्ये ती दिली. तिच्या वंशावळीत किरणांनी बदल घडविलेले वाण आहेत. असे बियाणे अंगाला बाधेल का? मुळीच नाही. गॅमा किरण बियाण्यातून आरपार जातात, मागे काही उरत नाही. कंदिलापुढे धरलेला तांब्या कंदील विझल्यावर उजेड देत नाही, तसेच हे. जपायचे ते किरण सोडणाऱ्या मूळ वस्तूला.

अशा वस्तू विद्यापीठांतून वापरल्या जातात. पिकाने खत किती उचलले हे पाहण्यासाठी किरणोत्सर्गी स्फुरद वापरतात. त्याचा जोर सुमारे चौदा दिवसांत निम्मा होतो. पाच महिने कुलपात ठेवला की हजारावा हिस्साही उरत नाही. जमिनीतील ओल मोजणाऱ्या न्यूट्रॉन यंत्रातील अमेरिशियम मात्र निम्मे व्हायला ४३२ वर्षे घेते. प्राध्यापक निवृत्त होतात, वस्तू राहते. माझ्या मते खरा धोका येथे आहे, प्रयोगात नाही.

दिल्ली विद्यापीठात तेच घडले. रसायनशास्त्र विभागातील कोबाल्ट-६० चे यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या बाजारात फोडले गेले. एकाने चकचकीत तुकडा पाकिटात ठेवला. अनेकजण आजारी पडले, एक कामगार दगावला. कोबाल्टचा जोर सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणजे पंचवीस वर्षांत तो सुमारे सत्ताविसाव्या हिश्शावर आला होता. तेवढाही माणूस मारायला पुरला.

कायद्याने अशी वस्तू परवान्याशिवाय ठेवता येत नाही, लिलावात तर काढताच येत नाही. संस्थेने किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी नेमावा, नोंदवही ठेवावी आणि वापर संपला की वस्तू पुरवठादाराकडे किंवा अधिकृत ठिकाणी परत पाठवावी, असा दंडक आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ यावर देखरेख ठेवते.

आपल्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून भंगार वितळते. त्यात असा तुकडा गेला तर तो ओतीव मालात मिसळतो. भारतातून फ्रान्सला गेलेल्या लिफ्टच्या बटणांत २००८ साली कोबाल्ट-६० सापडले होते.

जुन्या सामानात आकाराच्या मानाने फार जड शिशाचे भांडे दिसले, किंवा पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचे चिन्ह दिसले, तर शिशाच्या भावाच्या मोहाने ते फोडू नका. हात लावू नका, लांब व्हा, पोरांना हाकला आणि पोलीस ठाण्यात कळवा. अंतर दुप्पट केले की मारा चौथाई होतो. कोणी हाताळलेच असेल आणि पुढे उलट्या, केस गळणे, कातडी काळी पडणे असे काही दिसले, तर डॉक्टरांना भंगाराची गोष्ट आपण होऊन सांगा. ती त्यांच्या ध्यानात येईलच असे नाही.